पायथनला फाइल सापडत का नाही, आणि सापडली तरी ती नीट वाचता का येत नाही

पायथन शिकणाऱ्यांची गाडी साधारण दोन ठिकाणी अडते. एक म्हणजे रिकर्जन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा हाक मारणं), आणि दुसरं म्हणजे फाइली. रिकर्जन अवघड आहे हे सगळेच मान्य करतात, म्हणून तिथे अडलं तर कुणी मनाला लावून घेत नाही. फाइल उघडणं मात्र पुस्तकात एका ओळीचं काम असतं. ती एक ओळ चालली नाही की नवशिक्याला वाटतं, आपल्याला एवढंही जमत नाही. खरं तर त्या ओळीच्या मागे बरंच काही घडतं, आणि ते कुणी नीट सांगत नाही.

ओपन लिहिलं म्हणजे पायथन स्वतः फाइल उघडतो असं नाही. तो ऑपरेटिंग सिस्टीमकडे, म्हणजे विंडोज, लिनक्स किंवा मॅकओएसकडे, कचेरीच्या खिडकीवर द्यावा तसा एक अर्ज देतो. फाइल कुठली, कशासाठी हवी आणि आतला मजकूर कुठल्या पद्धतीने वाचायचा, एवढ्या तीन गोष्टी आपण ओपनमध्ये भरतो. पहिल्या दोन सिस्टीमसाठी असतात, तिसरी खुद्द पायथनसाठी. फाइलींचे जवळपास सगळे घोळ या तीन रकान्यांपैकी कुठला तरी चुकीचा किंवा रिकामा राहिल्यामुळे होतात. रिकामा राहिलेला रकाना सिस्टीम आणि पायथन आपापल्या मनाने भरून टाकतात, आणि तिथेच फसगत होते.

(कोडमधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते अर्थातच रोमन अक्षरांत करायचे.)

एरर आली की लांबलचक लाल मजकूर येतो, त्याला ट्रेसबॅक म्हणतात. बहुतेक जण तो वरून वाचायला लागतात आणि दुसऱ्या ओळीवर सोडून देतात. तो खालून वाचायचा. शेवटच्या ओळीत सगळं असतं: आधी एररचं नाव, मग चौकटी कंसात एररनो आणि एक आकडा, मग एक इंग्रजी वाक्य, आणि बहुतेक वेळा अवतरणचिन्हांत फाइलचं नाव. तो आकडा म्हणजे खिडकीवरून आलेलं उत्तर. २ म्हणजे अशी फाइल किंवा फोल्डर नाही, १३ म्हणजे परवानगी नाही, १७ म्हणजे फाइल आधीच आहे, २२ म्हणजे दिलेलं नावच अर्थहीन आहे. हे आकडे आणि ती वाक्यं पायथनच्या कितीतरी आधीची, युनिक्स आणि सी भाषेच्या काळापासून चालत आलेली. २०१२ साली आलेल्या ३.३ आवृत्तीपासून पायथनने नेहमीच्या आकड्यांना स्वतंत्र नावं दिली: फाइलनॉटफाउंडएरर, पर्मिशनएरर, फाइलएक्झिस्ट्सएरर. त्याआधी सगळ्यांसाठी एकच आयओएरर होती. जुन्या व्हिडिओत किंवा नोट्समध्ये ती दिसली तर गोंधळू नका. आज ते ओएसएररचंच दुसरं नाव आहे आणि वरच्या सगळ्या एरर तिच्याच पोटात येतात.

फाइल समोर दिसतेय, तरी नाही म्हणतो

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. प्रोग्राम आणि यादी.टीएक्सटी दोन्ही एकाच फोल्डरमध्ये, शेजारी शेजारी, तरी फाइलनॉटफाउंडएरर.

नुसतं नाव दिलं की पायथन ती फाइल प्रोग्रामच्या शेजारी शोधत नाही. तो चालू फोल्डरमध्ये शोधतो, आणि चालू फोल्डर कुठला हे प्रोग्राम कुठे ठेवलाय यावर नाही, तर कुठून चालवलाय यावर ठरतं. पायथनसोबत येणाऱ्या आयडल या एडिटरमध्ये एफ५ दाबलं की चालू फोल्डर प्रोग्रामचाच असतो, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत चालतं. व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरमध्ये तुम्ही डावीकडे जो फोल्डर उघडलाय तो चालू फोल्डर धरला जातो. प्रोग्राम त्याच्या आतल्या एखाद्या उपफोल्डरमध्ये असला तरी. म्हणून कॉलेजच्या लॅबमध्ये आयडलवर चाललेला प्रोग्राम घरी व्हीएस कोडवर आपटतो. कोड तोच, फाइल तीच. मग पायथन पुन्हा इन्स्टॉल करण्याचा कार्यक्रम सुरू होतो. त्याने काहीही होत नाही.

तपासायचं कसं? ओपनच्या आधी दोन ओळी टाका: प्रिंट(ओएस.गेटसीडब्ल्यूडी()) आणि प्रिंट(ओएस.लिस्टडिर()). वर इम्पोर्ट ओएस विसरू नका. पहिली ओळ सांगते पायथन आत्ता कुठे उभा आहे, दुसरी सांगते त्याला तिथे काय काय दिसतंय. अर्ध्याहून जास्त भानगडी इथेच उघड्या पडतात.

या दुसऱ्या ओळीतून आणखी एक गंमत बाहेर येते. यादीत कधी कधी दिसतं: यादी.टीएक्सटी.टीएक्सटी. विंडोज ओळखीच्या फाइलींचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवून ठेवतो. तुम्ही नवीन फाइल करताना किंवा नाव बदलताना हौसेने .टीएक्सटी लिहिलंत, विंडोजने एक स्वतःचं जोडलं आणि एकच दाखवलं. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्स यावर टिक करा. विंडोज ११ मध्ये ते तिथे आहे. प्रोग्रामिंग करणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्या दिवशीच करून ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे.

कायमचा उपाय म्हणजे जागा नशिबावर न सोडणं. पायथनमध्ये ३.४ आवृत्तीपासून पाथलिब आहे. त्यातला पाथ घ्यायचा, त्याला डंडर फाइल द्यायचं (म्हणजे फाइल या शब्दाच्या पुढेमागे दोन-दोन अंडरस्कोर), .पेरेंट लावायचं आणि मग तिरकी रेघ देऊन फाइलचं नाव. याचा अर्थ: हा प्रोग्राम जिथे ठेवलाय त्या फोल्डरमधली यादी. मग तो कुठूनही चालवा. ज्युपिटर नोटबुकमध्ये मात्र डंडर फाइल नसतं, तिथे नेमएरर येईल. तिथे गेटसीडब्ल्यूडी बघून पूर्ण पत्ता देणंच बरं.

दोन छोट्या गोष्टी जाता जाता. विंडोजमध्ये वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर तुमचा डेस्कटॉप प्रत्यक्षात वनड्राइव्हच्या फोल्डरच्या आत सरकलेला असतो, त्यामुळे डोक्यातून लिहिलेला डेस्कटॉपचा पत्ता चुकतो. आणि गूगल कोलॅब लिनक्सवर चालतं. तिथे फाइलच्या नावातला मोठा वाय आणि छोटा वाय वेगळे. विंडोजला दोन्ही एकच वाटतात, म्हणून घरी चाललेला प्रोग्राम कोलॅबवर फाइल नाही म्हणतो.

आणि एक कोडं: लिहिण्यासाठी फाइल उघडतोय, म्हणजे ती नसली तरी तयार व्हायला हवी ना? मग तरीही "नो सच फाइल" कसं? कारण डब्ल्यू मोड (ओपनला दिलेलं, लिहिण्यासाठी उघड असं सांगणारं अक्षर) फाइल तयार करतो, फोल्डर नाही. तुम्ही अहवाल/जून.टीएक्सटी असं लिहिलंत आणि अहवाल नावाचा फोल्डरच नसेल, तर उत्तर २ क्रमांकाचंच येणार. आधी ओएस.मेकडिर्स वापरून फोल्डर करा आणि त्यात एक्झिस्ट_ओके=ट्रू द्या, म्हणजे फोल्डर आधीच असला तर कुरकुर होणार नाही.

उलट्या तिरक्या रेघेचा छळ

विंडोजच्या पत्त्यात फोल्डरांच्या मध्ये \ ही रेघ असते. पायथनच्या मजकुरात तिला वेगळाच अर्थ आहे: तिच्या पुढचं अक्षर विशेष समजायचं. \ च्या पुढे छोटा एन आला की नवी ओळ, छोटा टी आला की टॅब. म्हणजे तुमचा फोल्डर "न्यू" किंवा "टेस्ट" असेल आणि पत्ता थेट चिकटवला असेल, तर पायथनला पत्त्याच्या मध्येच नवी ओळ किंवा टॅब दिसतो. विंडोज म्हणतो असलं नाव असूच शकत नाही, आणि २२ क्रमांकाची ओएसएरर येते.

सगळ्यात नाठाळ प्रकार "युजर्स" फोल्डरचा. विंडोजवर जवळपास प्रत्येकाच्या फाइली सी ड्राइव्हच्या युजर्समध्येच असतात. \ च्या पुढे मोठा यू म्हणजे पायथनच्या लेखी आठ आकडी युनिकोड क्रमांकाची, म्हणजे प्रत्येक अक्षराला नेमून दिलेल्या क्रमांकाची, सुरुवात. पुढे आठ आकडे नसतात, म्हणून प्रोग्राम सुरूच होत नाही; सिंटॅक्सएरर येते आणि त्यात "युनिकोडएस्केप" असा भीतीदायक शब्द असतो. नवशिक्याला वाटतं मराठी मजकुरामुळे काहीतरी बिघडलं. मराठीचा काही संबंध नाही.

उपाय तीन: अवतरणचिन्हाच्या आधी छोटा आर लिहा, किंवा प्रत्येक रेघ दोनदा द्या, किंवा सरळ / ही रेघ वापरा. तिसरा मला सगळ्यात आवडतो, कारण विंडोजलाही ती चालते आणि तोच कोड लिनक्सवरही चालतो. पहिल्या उपायात एक पळवाट बंद आहे: आर लावलेल्या मजकुराचा शेवट एकट्या \ ने करता येत नाही.

एरर वाचताना एक खूण लक्षात ठेवा. शेवटच्या ओळीत पत्ता दाखवताना पायथन रेघ दुहेरी दाखवतो. दुहेरी रेघा दिसल्या तर सगळं ठीक, त्या दोन नाहीत, एकच आहे. एखाद्या ठिकाणी एकेरी रेघ आणि पुढे एन किंवा टी दिसला, तर तिथे रेघ गिळली गेली आहे. नेमकी जागा सापडली.

विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून "कॉपी ॲज पाथ" केलं की पत्ता अवतरणचिन्हांसकट येतो. तो इनपुटमध्ये चिकटवला की अवतरणचिन्हंही नावाचा भाग होतात आणि पुन्हा २२. इनपुटवर .स्ट्रिप लावून कडेची अवतरणचिन्हं काढून टाका. .स्ट्रिपची गरज आणखी एका ठिकाणी पडते: एका फाइलमधून दुसऱ्या फाइलींची नावं वाचत असाल तर प्रत्येक नावाच्या शेवटी नव्या ओळीचं चिन्ह चिकटलेलं असतं, आणि त्या चिन्हासकट कुठलीच फाइल सापडत नाही.

परवानगी नाही, म्हणजे नक्की काय नाही

पर्मिशनएरर आली की लगेच "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करू नका. विंडोजवर याचं सगळ्यात सामान्य कारण अगदी साधं आहे: तुमची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) एक्सेलमध्ये उघडी आहे. एक्सेल ती धरून बसतो आणि दुसऱ्या कुणाला लिहू देत नाही. एक्सेल बंद करा, प्रोग्राम पुन्हा चालवा. दुसरं कारण, तुम्ही फाइलऐवजी फोल्डरचाच पत्ता दिलाय. लिनक्स अशा वेळी स्पष्ट सांगतो की हा फोल्डर आहे, इझएडिरेक्टरीएरर. विंडोज नुसतंच १३ म्हणून मोकळा होतो. ही दोन्ही कारणं नसतील तरच खऱ्या परवानगीचा विचार करा, आणि तेव्हाही सी ड्राइव्हच्या मुळाशी किंवा प्रोग्राम फाइल्समध्ये लिहिण्याचा हट्ट सोडून स्वतःच्या डॉक्युमेंट्समध्ये लिहा.

मोडमधलं एक अक्षर

आर वाचायला, डब्ल्यू लिहायला, ए शेवटी जोडायला. हे पाठ असतं सगळ्यांना. पण डब्ल्यू जुना मजकूर कधी पुसतो, हे विचारलं की बहुतेक जण सांगतात, "राइट केल्यावर." नाही. ओपन केल्याच्या क्षणी. पुढे एकही ओळ लिहिली नाही, पुढच्याच ओळीत प्रोग्राम आपटला, तरी जुनी फाइल तोवर शून्य बाइटची झालेली असते, आणि ती रिसायकल बिनमध्येही नसते. म्हणून पहिल्यांदाच तयार करायच्या फाइलसाठी एक्स मोड वापरायची सवय लावा. फाइल आधीच असेल तर तो १७ क्रमांकाची फाइलएक्झिस्ट्सएरर देतो आणि जुनीला हात लावत नाही. पुस्तकांत हा मोड एका ओळीत उरकतात, त्याच्या मानाने तो फार उपयोगी आहे.

बाकीच्या मोडच्या चुका आरडाओरडा करतात, त्यामुळे सोप्या. "नॉट रीडेबल" म्हणजे लिहिण्यासाठी उघडलेली फाइल तुम्ही वाचताय, "नॉट रायटेबल" म्हणजे उलट. "राइट आर्ग्युमेंट मस्ट बी स्ट्र, नॉट इंट" म्हणजे आकडा थेट लिहायला दिलात. त्याला स्ट्रमध्ये गुंडाळा.

न ओरडणाऱ्या चुका

एरर येणं ही खरं तर चांगली बातमी. त्रास देतात त्या चुका, ज्यात प्रोग्राम शहाण्यासारखा संपतो आणि फाइल मात्र रिकामी.

एफ.क्लोज असं कंसांशिवाय लिहिलं की फाइल बंद होत नाही, आणि पायथन काही बोलतही नाही. तुम्ही फक्त त्या क्रियेचं नाव घेतलंत, ती केली नाहीत. राइट केलेला मजकूरही लगेच डिस्कवर जात नाही. तो आधी बफरमध्ये साठतो. पायथनच्या बऱ्याच आवृत्त्यांत हा बफर ८१९२ बाइटचा होता. तो भरला, किंवा फाइल बंद झाली, की मगच मजकूर पुढे सरकतो. आयडल किंवा ज्युपिटरमध्ये प्रोग्राम संपला तरी सत्र चालू राहतं, फाइल उघडीच राहते, आणि नोटपॅडमध्ये बघावं तर काहीच नाही. यावर उत्तर म्हणजे विथ. २००६ च्या २.५ आवृत्तीपासून ते भाषेत आहे. विथ ओपन(...) ॲज एफ, आणि खाली आत सरकवून काम. आतून बाहेर पडताना, मग ते काम पूर्ण झाल्यामुळे असो की एररमुळे, फाइल बंद होतेच. क्लोज हाताने लिहायला शिकवणाऱ्या नोट्स अजून फिरताहेत. त्या बाजूला ठेवा.

तसंच रीड एकदा केलं की वाचण्याची खूण फाइलच्या शेवटी जाते. पुन्हा रीड केलंत तर रिकामा मजकूर मिळतो, एरर नाही. एकदा वाचलेलं चलात ठेवा किंवा एफ.सीक(०) करून खूण मागे आणा.

मराठी मजकूर आणि पाच रिकाम्या जागा

आता तिसरा रकाना. इंग्रजी धड्यांमध्ये याला परिशिष्टात टाकतात, कारण त्यांचं त्याच्यावाचून निभतं. आपलं निभत नाही.

फाइलीत अक्षरं नसतात, बाइट असतात; प्रत्येक बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे एन्कोडिंग ठरवतं. आज जगभर वापरात असलेली एन्कोडिंग यूटीएफ-८. विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅडही नवी फाइल तीतच साठवतो. पण ओपनमध्ये तुम्ही एन्कोडिंग सांगितली नाही, तर विंडोजवरचा पायथन यूटीएफ-८ धरत नाही. तो विंडोजची जुनी ठरलेली एन्कोडिंग धरतो, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या, इंग्रजी सेटिंग असलेल्या संगणकावर ती बहुधा असते विंडोज-१२५२. पश्चिम युरोपच्या भाषांसाठी बनवलेली. तिच्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही.

मग काय होतं ते जवळून बघू. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच. दुसरा दोनपैकी एक. वेगळेपण येतं ते तिसऱ्यात. १२५२ मात्र प्रत्येक बाइट सुटा वाचते. पहिल्या बाइटचं तिच्याकडे होतं डोक्यावर तिरकी रेघ असलेलं छोटं ए. दुसऱ्याचं होतं चार किरणांचं वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह. म्हणून बिघडलेल्या मराठी मजकुरात हे तिघे पुन्हा पुन्हा दिसतात. ओळखायची ती खूण.

१२५२ च्या तक्त्यात २५६ जागांपैकी ५ रिकाम्या आहेत. सोळाच्या अंकमालेत लिहायचं तर ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. तिसरा बाइट यांपैकी एखादा निघाला तर पायथनला अक्षरच मिळत नाही आणि युनिकोडडीकोडएरर येते. देवनागरीत हे बाइट कुणाच्या वाट्याला आलेत? ८१ ऱ्हस्व उकाराच्या मात्रेच्या. ८डी पाय मोडण्याच्या चिन्हाच्या, म्हणजे जवळजवळ प्रत्येक जोडाक्षराच्या. ८एफ म्हणजे ए. ९० म्हणजे ऐ. ९डी म्हणजे झ.

आता एका फाइलीत गावांची नावं आहेत असं समजा. पुणे, मुंबई, कोल्हापूर, रत्नागिरी यातलं एक जरी असलं तरी प्रोग्राम आपटेल. पुणे आणि मुंबई उकारामुळे, कोल्हापूर आणि रत्नागिरी जोडाक्षरामुळे. पण फाइलीत नुसतं नाशिक, नागपूर, जळगाव, सोलापूर, पणजी असेल, तर प्रोग्राम बिनबोभाट चालेल आणि तुमच्या हाती कचरा देईल. "नाशिक" ची लांबी लेनने मोजली तर ५ यायला हवी (न, काना, श, वेलांटी, क). इथे १५ येईल. चाचणीला घेतलेल्या चार नावांत नेमकं वरच्यापैकी एकही चिन्ह नसलं, तर चूक कळते ती थेट खरी यादी चालवल्यावर. पुणेकरांमुळे निदान चूक उघडकीला तरी येते.

या एररमध्ये "चारमॅप" हा शब्द असतो आणि ट्रेसबॅकमध्ये थोडं वर सीपी१२५२ नावाची फाइल दिसते. हे दोन दिसले की निदान पक्कं. औषधही एकच: ओपनमध्ये एन्कोडिंग="यूटीएफ-८" लिहा. वाचताना, लिहिताना, दर वेळी. लिनक्स आणि मॅकवर बहुधा न लिहिता चालतं, तरीही लिहा. पेप ६८६ या ठरावानुसार पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हीच मूळ एन्कोडिंग ठरली आहे. पण कॉलेजच्या लॅबमधल्या संगणकांवर जुन्या आवृत्त्या अजून बरीच वर्षं नांदतील.

लिहिताना एन्कोडिंग विसरलात तर मराठीचं एकही अक्षर १२५२ मध्ये बसत नाही, त्यामुळे युनिकोडएन्कोडएरर हमखास. इथे मघाचा डब्ल्यू आठवा: एरर येईपर्यंत जुनी फाइल आधीच पुसली गेलेली असते.

शोधाशोध करताना एर्रर्स="इग्नोर" असा एक सल्ला मिळेल. त्याने एरर जाते हे खरं. जे बाइट समजले नाहीत ते पायथन गाळून टाकतो आणि पुढे जातो, म्हणजे डेटाच जातो. ग्राहकांच्या नावांच्या यादीवर हे करायचं नसतं. त्याऐवजी फाइल आरबी मोडमध्ये, म्हणजे कच्च्या बाइटच्या रूपात उघडा आणि पहिले काही बाइट छापून बघा. एफएफ एफई ने सुरुवात असेल तर ती यूटीएफ-१६ आहे. एक्सेलच्या "युनिकोड टेक्स्ट" मधून अशा फाइली येतात. पीके या दोन अक्षरांनी सुरुवात असेल तर ती मुळात मजकुराची फाइल नाहीच. एक्सएलएसएक्स किंवा डॉक्स आहे, आणि या दोन्ही आतून झिप फाइली असतात. त्यांचं नाव बदलून .टीएक्सटी केलं म्हणून त्या मजकूर होत नाहीत. आणि सगळं नीट वाचलं जातंय, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतेय, तर ती फाइल बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे. तिथे कुठलीही एन्कोडिंग कामाची नाही, कारण फाइलीत खरोखरच इंग्रजी अक्षरं आहेत. ती मराठी दिसत होती ती फाँटमुळे. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग पायथन. छापखान्यांच्या आणि जुन्या कचेऱ्यांच्या फाइली हाताळणाऱ्यांना हे रोजचं आहे.

कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत मराठीऐवजी चौकोन दिसले तर मात्र घाबरू नका. तो त्या खिडकीच्या फाँटचा दोष असतो. फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा आणि मगच दोष कुणाचा ते ठरवा.

एक्सेलशी जुळवून घेणं

पायथनने यूटीएफ-८ मध्ये लिहिलेली सीएसव्ही डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की पुन्हा तीच वर्तुळं आणि येन. एक्सेलला सुरुवातीला एक खूण लागते, बीओएम नावाची, तीन बाइटची. ती नसली तर तो जुनीच एन्कोडिंग धरतो. एन्कोडिंग="यूटीएफ-८-सिग" लिहिलं की पायथन ती खूण घालतो. उलट दिशेने, एक्सेलने "सीएसव्ही यूटीएफ-८" म्हणून साठवलेली फाइल साध्या यूटीएफ-८ ने वाचली, तर ती खूण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते. मग डिक्टरीडर (सीएसव्हीची ओळ रकान्यांच्या नावांनी वाचून देणारं साधन) वापरताना "नाव" या रकान्यासाठी कीएरर येते, आणि छापून बघितलं तर नाव अगदी बरोबर दिसतं, कारण ती खूण डोळ्याला दिसत नाही. वाचतानाही सिगच वापरा. आणि एक्सेलमध्ये नुसतं "सीएसव्ही" निवडून मराठी साठवू नका. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि ती परत मराठी होत नाहीत.

सीएसव्हीत प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ येत असेल तर ओपनमध्ये न्यूलाइन="" द्या. विंडोजवर ओळ संपल्याची खूण दोन चिन्हांची असते. ती सीएसव्हीचं मॉड्यूल स्वतः घालतं आणि वर फाइलही आपल्या परीने एक चिन्ह जोडते.

ट्रायच्या पदराखाली

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, सगळा कोड ट्राय आणि एक्सेप्टमध्ये टाकला की झालं. नुसतं एक्सेप्ट आणि खाली पास, असं लिहिलंत तर वर सांगितलेली प्रत्येक ओरडणारी चूक तुम्ही स्वतःच्या हाताने मुकी केलीत. ट्रायमध्ये फक्त ओपनपुरता भाग ठेवा, आणि ज्या एररवर तुमच्याकडे खरोखर उपाय आहे तीच पकडा. फाइलनॉटफाउंडएरर आली तर रिकामी यादी घेऊन सुरुवात करता येते, म्हणून ती पकडणं योग्य. युनिकोडडीकोडएरर आली तर प्रोग्रामने स्वतः ठरवण्यासारखं काही नाही. तिला वर जाऊ द्या आणि बघा. ओएस.पाथ.एक्झिस्ट्स वापरून आधी फाइल आहे का ते तपासणंही पुरेसं नाही. तपासणं आणि उघडणं यांच्या मध्ये फाइल हलू शकते, आणि फाइल असली म्हणजे ती वाचण्याची परवानगी असतेच असं नाही.

ज्या फाइलीत कष्टाने जमवलेला डेटा आहे तिच्यावर थेट डब्ल्यू चालवू नका. त्याच फोल्डरमध्ये यादी_नवी.टीएक्सटी अशा वेगळ्या नावाने विथच्या आत सगळं लिहा. विथमधून सुखरूप बाहेर पडलात, म्हणजे लिहिणं पूर्ण झालं आणि फाइल बंद झाली, की पुढच्या ओळीत ओएस.रिप्लेस ला आधी नवं नाव आणि मग जुनं नाव द्या. नवी फाइल जुनीची जागा घेते. मध्येच वीज गेली, एन्कोडिंग चुकली किंवा आकडा स्ट्रमध्ये गुंडाळायचा राहिला, तर खराब होते ती नवी, अर्धवट फाइल. जुनी यादी जागच्या जागी राहते. एक्सेलमध्ये यादी उघडी असेल तर मात्र ओएस.रिप्लेसलाही पर्मिशनएररच मिळेल. तेव्हा एक्सेल बंद करून फक्त तेवढी एक ओळ पुन्हा चालवायची. लिहिलेलं सगळं यादी_नवी मध्ये आहेच.